अलिबागला दोन दिवस: आधी तिथी, मग तिकीट

अलिबागला पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा राहण्याची जागा आधी ठरवतो, मग बोटीचे किंवा गाडीचे पाहतो आणि किल्ला केव्हा पाहायचा हा प्रश्न त्याच्यासमोर थेट किनाऱ्यावर उभे राहिल्यावर येतो. क्रम याच्या नेमका उलट असावा. कुलाबा किल्ला समुद्रात आहे. त्याच्याकडे जाणारी वाट दिवसातून दोनदा उघडी पडते आणि दोनदा पाण्याखाली जाते, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किल्ल्याची वेळ एकदा बसली की बाकीचे दोन दिवस तिच्याभोवती आपोआप बसतात. ती चुकली तर शनिवार किनाऱ्यावर भेळ खात किल्ल्याकडे पाहण्यात जातो. असा एक शनिवार मी स्वतः घालवलेला आहे, आणि त्या दिवशी अष्टमी होती हे मला फार उशिरा, एका घोडागाडीवाल्याकडून कळले.

महिना कोणता निवडावा

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला तरी कोकणपट्टीत चैत्र सरता सरता घामाच्या धारा लागतात. प्रवासाच्या दृष्टीने इथला वसंत म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची अखेर, म्हणजे साधारण माघाचा उत्तरार्ध आणि फाल्गुन. सकाळी हवेत थोडा गारवा असतो, दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो आणि शेतांतून पांढरा कांदा निघू लागलेला असतो. थंडीतली पोपटी, म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, तोपर्यंत संपत आलेली असते. तिच्यासाठी यायचे असेल तर जानेवारीतच यावे. एप्रिलमध्ये यायला हरकत नाही, पण मग अकरा ते चार घरात बसण्याची तयारी ठेवावी.

जोडून आलेल्या सुट्ट्या शक्यतो टाळाव्यात. होळी, गुढीपाडवा किंवा गुड फ्रायडे शनिवार-रविवारला चिकटून आला की निम्मी मुंबई आणि पाव पुणे याच रस्त्यावर असते.

तारीख ठरवण्यासाठी पंचांग उघडावे

किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तोंडी हिशेबाने काढतात, आणि तो हिशेब नवख्या माणसालाही पाच मिनिटांत जमतो. तिथीचा आकडा घ्यावा, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य, आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास भरती. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. या हिशेबात अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून महिना-तारीख ठरवण्यासाठी हा हिशेब वापरावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या अपोलो बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून नेमकी वेळ नक्की करावी. अलिबाग समोरच्याच किनाऱ्यावर असल्यामुळे फरक किरकोळ असतो.

आता यातून कोणते दिवस चांगले ठरतात ते पाहू. पौर्णिमा आणि अमावास्या या उधाणाच्या तिथी, तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त ओसरते. पण त्या दिवशी ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे एकदा किल्ला उघडण्याआधी आणि एकदा अंधार पडताना. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते. तेव्हा ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते खरी, पण पाणी पुरते ओसरतच नाही आणि वाटेवर गुडघ्याच्या वरपर्यंत राहू शकते. खरे सोयीचे दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते पंचमी. उधाणाचा जोर तेव्हा अजून टिकून असतो, त्यामुळे वाट चांगली कोरडी पडते, आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते दहा या वेळात येते. रंगपंचमी म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी, त्या दिवशी ती सकाळी दहाच्या सुमारास असते. रामनवमीला मात्र दुपारी एक वाजता आणि तीही भांगाची. सकाळ जमत नसेल तर एकादशी ते त्रयोदशी हा दुसरा पर्याय आहे. त्या दिवसांत ओहोटी दुपारी अडीच ते चार या वेळात येते, ऊन असते, पण शनिवारी सकाळी घरून निघालेल्यांना ती गाठता येते.

थोडक्यात, फेब्रुवारी-मार्चमधल्या सहा-सात शनिवार-रविवारांसमोर तिथी लिहाव्यात. त्यांतले दोन-तीन सहज चांगले निघतात. त्यांतलाच एक निवडून मग मुक्काम आणि तिकीट पाहावे.

जायचे कसे

अलिबागला रेल्वे नाही. सर्वांत जवळचे सोयीचे स्थानक पेण, तिथून एसटीने किंवा रिक्षाने सुमारे तीस किलोमीटर. मुंबईकरांसाठी समुद्रमार्ग सर्वांत सुखाचा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारी कॅटमरान बोट साधारण तासाभरात पोहोचवते आणि काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग हा वीस किलोमीटरचा बसप्रवास धरलेला असतो. तिकीट काढताना हे विचारून घ्यावे, कारण मांडव्याच्या जेट्टीवर उतरल्यावर बस आपली की दुसऱ्या कंपनीची यावरून नवख्यांची धावपळ होते. स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा आहे. ती मार्च 2020 मध्ये सुरू झाली. शनिवार सकाळच्या फेरीत गाडीसाठी जागा मिळवायची तर आरक्षण बरेच आधी करावे लागते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, पण आपण वसंतात जात असल्यामुळे तो प्रश्न येत नाही.

रस्त्याने मुंबईहून अंतर शंभर किलोमीटरच्या घरात, पुण्याहून खोपोली-पेणमार्गे सुमारे दीडशे. दोन्हीकडचे प्रवासी वडखळला एकत्र होतात आणि शनिवारी सकाळी नऊनंतर तिथे काय होते हे सांगायला नको. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईकडचा पनवेलपर्यंतचा भाग हलका झाला आहे, वडखळ मात्र आहे तिथेच आहे. सकाळच्या ओहोटीसाठी जाणार असाल तर शुक्रवारी रात्रीच पोहोचावे; शनिवारी पहाटे निघून नऊच्या ओहोटीला किनाऱ्यावर उभे राहण्याचे गणित कागदावर जमते, रस्त्यावर जमत नाही. त्यापेक्षा किल्ला रविवारी सकाळी ठेवावा. रोज पाऊण तास पुढे जाणारी ओहोटी इथे आपल्या बाजूने असते: शनिवारी साडेआठची ती रविवारी सव्वानऊची होते, म्हणजे उठून चहा घेऊन निवांत जाता येते.

मुक्काम कुठे करावा

गाडी नसेल तर मुक्काम अलिबाग गावात किंवा लगतच्या वरसोलीत करावा. तिथून किनारा, एसटी स्टँड, बाजार सगळे पायी किंवा रिक्षाने जवळ पडते. गाडी असेल तर दक्षिणेला अक्षी आणि नागाव, उत्तरेला किहीम ही गावे अधिक रम्य आहेत. इथल्या बऱ्याच घरांनी नारळ-सुपारीच्या वाडीतच दोन-चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय केलेली असते, आणि माझे मत विचाराल तर मोठ्या रिसॉर्टपेक्षा अशी वाडी केव्हाही बरी. आरक्षण करताना तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात: जेवण घरीच मिळते का आणि मासळी कोणती, हे आदल्या दिवशी सांगावे लागते का, वीज गेल्यास पंख्याची काय व्यवस्था, आणि किनारा वाडीला लागून आहे की चालत वीस मिनिटे. ‘समुद्राजवळ’ या शब्दाचा अर्थ जाहिरातीत फार लवचिक असतो.

ओळखपत्र प्रत्येकाचे न्यावे. पट्ट्याची, ओली झाली तरी चालतील अशी पादत्राणे, टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी एवढे किल्ल्यासाठी पुरते.

किल्ल्यावर जाताना

ओहोटीच्या पूर्ण वेळेच्या सुमारे दीड तास आधी किनाऱ्यावर पोहोचावे आणि पाणी किती ओसरले आहे ते घोडागाडीवाल्यांना विचारावे. त्यांचे घोडे चालू लागले की आपणही चालावे, हा साधा नियम. वाट एक किलोमीटरपेक्षा फार जास्त नाही, पण ती सपाट वाळूची नाही. मधले खडक कालवांनी मढलेले असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची कड पात्याइतकी धारदार असते. अनवाणी जाण्याची हौस इथे करू नये. घोडागाडीचे भाडे जाऊन-येऊन असे आधीच ठरवावे आणि परतीची वेळ गाडीवाल्याकडूनच घ्यावी. पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात वाटेवरून परत आलेले असणे उत्तम. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो आणि पाणी परतताना समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येते. आपण किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढत असताना वाटेचा मधला खोलगट भाग भरलेला असतो. वेळ चुकलीच तर किल्ल्यात थांबून बोट मिळते का ते पाहावे. पाण्यात उतरून चालत येण्याचे धाडस करू नये.

किल्ल्याची बांधणी शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केली आणि ती संभाजी महाराजांच्या काळात पुरी झाली. मुंबईतला कुलाबा वेगळा. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव या किल्ल्यावरून होते आणि 1981 मध्ये तो रायगड जिल्हा झाला. आत शिरण्याआधी तटाजवळ जाऊन बांधकाम पाहावे. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक बसवले आहेत आणि सांध्यांत बोट घालता येते. लाट आपटली की पाणी त्या फटींतून आत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. चुन्याची अखंड भिंत तोच मार सरळ अंगावर घेते. दर्यावर्दी माणसाने बांधलेला तट कसा असतो, ते इथे हाताने चाचपून कळते.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात हा किल्ला मराठी आरमाराचे प्रमुख ठाणे होता. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्याच्यावर मोठी चढाई केली आणि दोघांनाही हात हलवत परतावे लागले. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, ते राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधले. गाभाऱ्यात गणेशपंचायतन आहे आणि स्थानिक लोक किल्ल्यावर येतात ते मुख्यतः याच दर्शनाला. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारही बाजूंनी खारे पाणी असताना मधोमध गोडे पाणी लागणे, हीच जलदुर्गाची जागा निवडण्याची पहिली अट असे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन लोखंडी तोफा आहेत. त्यांच्यापुढे उभे राहून पर्यटक आंग्र्यांचे शौर्य आठवतात, परंतु तोफांवरचा इंग्रजी मजकूर वाचला तर त्या यॉर्कशायरच्या कारखान्यात 1849 साली ओतल्याचे दिसते. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी 1840 मध्येच खालसा केले होते. त्यामुळे त्या आंग्र्यांच्या नव्हेत. त्यापुढे उत्तरेला पाण्यात सर्जेकोट दिसतो. तो मुख्य किल्ल्याचा जोडकिल्ला. पायाखालचे खडक निसरडे असल्यामुळे वेळ हाताशी असेल तरच तिकडे वळावे.

सारे मिळून किल्ल्याला दीड तास पुरतो. त्यातली वीस मिनिटे तरी मंदिरासमोरच्या झाडाखाली बसावे.

गावात अर्धा दिवस

अलिबागमध्ये येणारे बहुतेक लोक गाव पाहतच नाहीत, याची मला नेहमी चुटपुट वाटते. कान्होजी आंग्रे यांची समाधी बाजारपेठेपासून जवळ आहे. ते 1729 मध्ये वारले. हिराकोट हा त्यांच्याच काळातला छोटा कोट आता तुरुंग म्हणून वापरला जातो, त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा. इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायल हा ज्यू समाज या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदला. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाववाले त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावाचे नावही याच समाजातल्या अली नावाच्या बागाईतदारावरून पडले, असे परंपरेने सांगतात. शनिवार हा त्यांच्या विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, म्हणून सिनेगॉग पाहायचे तर रविवारी जावे आणि आत जाण्यापूर्वी तिथल्या माणसाची परवानगी घ्यावी.

किनाऱ्याच्या रस्त्यावर चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे स्पष्ट झाल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार होत्या, म्हणून तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. 1904 पासून इथे नोंदी होत आहेत. इमारत बांधताना लोखंड टाळलेले आहे, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केले गेले. आत जाण्यासाठी आधी परवानगी लागते. बरोबर शाळकरी मुले असतील तर ती मिळवण्याचा खटाटोप जरूर करावा.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता: अक्षी ते रेवदंडा

दक्षिणेला जाणारा रेवदंड्याचा रस्ता सतरा-अठरा किलोमीटरचा आहे. गाडी नसेल तर एसटी मिळते किंवा स्टँडजवळून मिनिडोर, म्हणजे मोठी प्रवासी रिक्षा. मिनिडोरमध्ये गुडघे जवळ घेऊन बसावे लागते, पण वाटेत हवे तिथे उतरता येते आणि या रस्त्याला तेच हवे.

पहिला थांबा अक्षी. इथला शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी आहे. अनेक अभ्यासक तो पहिलाच मानतात. शिलाहार राजा केसीदेव याचा त्यात उल्लेख आहे आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शिवी आहे; अशी शिवी कोरलेल्या दगडाला गधेगाळ म्हणतात. अक्षरे झिजलेली असल्यामुळे दुपारच्या भगभगीत उन्हात काही दिसत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, तिरपा प्रकाश पडला की खोदलेल्या रेघा उठून येतात. आपली भाषा एक हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी लिहिली गेली ते पाहायला पाच मिनिटे वाट वाकडी करावी.

नागावला समुद्रावरचे पॅरासेलिंगसारखे खेळ असतात. ज्यांना हवे त्यांनी तिथे उतरावे. गाडी मात्र पुळणीवर उतरवू नये. ओली वाळू घट्ट वाटते, चाक रुतते आणि मग भरती थांबत नाही.

पुढे चौल आणि रेवदंडा ही जोडगावे. चौल हे प्राचीन बंदर. रोमन जगाशी व्यापार होत होता तेव्हापासून त्याचे नाव परदेशी नोंदींत आहे. आज तिथे गर्द वाड्या, रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी एवढेच दिसते, पण चार तास हाताशी असतील तर त्यांतले दोन चौलच्या आळ्यांतून पायी हिंडण्यात घालवावेत. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा. एसटीचा रस्ता त्याच्या तटातूनच आत शिरतो, त्यामुळे अनेकजण किल्ल्यात आलो हे न कळता किल्ला ओलांडून जातात. आतला उंच ‘सातखणी’ मनोरा एका पोर्तुगीज चर्चचा उरलेला भाग आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात याच परिसरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला दिसतो, आणि त्याच्या पायथ्याच्या गावातले काही लोक अजून पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली बोली घरात बोलतात. कोर्लईला जायचे असेल तर ते याच दिवशी कोंबू नये. दोन दिवसांत किल्ला, गाव, अक्षी, चौल आणि रेवदंडा एवढेच नीट होते.

परतताना

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही: ताजी मासळी हवी असेल तर मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री सांगावी, आणि बोंबील तळलेले घ्यावेत. पांढऱ्या कांद्याबद्दल मात्र चार ओळी लिहायला हव्यात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली, तळवली या गावांत भात निघाल्यावर त्याच शेतात तो लावतात आणि फेब्रुवारीपासून तो बाजारात येतो. तिखटपणा इतका कमी की जेवताना कच्चाच फोडून खातात. पेणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बायका कांद्याच्या माळा बांबूला टांगून बसतात. माळ घेताना वरचे दोन कांदे न पाहता मधले दाबून पाहावेत, कारण नरम कांदा हमखास मध्ये विणलेला असतो, आणि पातीची वेणी पुरती वाळलेली आहे ना ते बघावे. हिरवट असेल तर माळ आठवडाभरात आतून काळी पडते. गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नये. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, वारा लागेल आणि ऊन लागणार नाही अशी खिळ्याला टांगावी आणि खालच्या टोकाकडून एकेक कांदा काढत जावा.